फ्रायबर्गझेच्या काठावरचा उतार

जर्मनीच्या नकाशावर बोट खाली खाली नेत गेलं, की एका ठिकाणी सरहद्द ऑस्ट्रियाच्या पोटात शिरलेली दिसते. त्या टोकाशी ओबर्स्टडॉर्फ आहे, देशातलं सर्वांत दक्षिणेकडचं गाव. म्युनिकहून आगगाडीने अडीच-तीन तास लागतात. इमेनश्टाटला मुख्य मार्ग लिंडाऊच्या सरोवराकडे निघून जातो आणि आपली गाडी इलर नदीच्या सोबतीने डोंगरात शिरते. ओबर्स्टडॉर्फला रूळ संपतात. ब्राइताख, ट्रेटाख आणि श्टिलाख या तीन नद्या गावाजवळ एकमेकींना भेटतात आणि तिथून पुढे त्यांचं नाव इलर होतं. आपल्याकडे असा संगम असता, तर एव्हाना घाट, देऊळ आणि प्रसादाची दुकानं झाली असती. इथे एक पायवाट आहे, बाक आहेत आणि सायकली लावायची जागा आहे.

बहुतेक पर्यटक इथे नेबेलहॉर्नच्या रोपवेसाठी येतात. ब्राइताखची अरुंद घळही प्रसिद्ध आहे. दोन्ही पाहण्यासारखी आहेत आणि दोन्हींविषयी भरपूर लिहिलं गेलं आहे, त्यामुळे मी त्यांत शिरत नाही. मला ओढ होती ती श्टिलाखच्या खोऱ्यातल्या एका उताराची. महायुद्ध संपून पाच वर्षंही झाली नव्हती, तेव्हा १९५० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या उतारावर देशोदेशीचे तरुण पायाला लाकडी पट्ट्या बांधून हवेत झेपावले आणि माणूस यंत्राशिवाय किती लांब तरंगू शकतो याचा आकडा एका आठवड्यात तीनदा बदलला. स्की-फ्लाइंगचा तो पहिला आंतरराष्ट्रीय सप्ताह.

आधी स्की-फ्लाइंग म्हणजे काय ते सांगायला हवं. हिवाळी ऑलिंपिकमधली स्की जम्पिंग आपण टीव्हीवर पाहिलेली असते: उंच रॅम्पवरून घसरत यायचं, टोकाशी झेप घ्यायची आणि खालच्या बर्फावर उतरायचं. स्की-फ्लाइंग हाच खेळ, पण कितीतरी मोठ्या रॅम्पवर. ऑलिंपिकच्या मोठ्या रॅम्पवर उड्या साधारण सव्वाशे-दीडशे मीटरपर्यंत जातात. फ्लाइंगच्या रॅम्पवर आज दोनशेच्या आत उतरणारा खेळाडू मान हलवत बाहेर पडतो. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार नाही. जगात असे रॅम्पही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच: नॉर्वेत विकरसुंड, स्लोव्हेनियात प्लानित्सा, ऑस्ट्रियात कुल्म, आणि इथे ओबर्स्टडॉर्फ. चेक प्रजासत्ताकातला हाराखोव्ह आणि अमेरिकेतला कॉपर पीक हेही त्याच कुळातले.

रॅम्प गावात नाही. गावातून दक्षिणेला निघालं, की आधी कुरणं लागतात. आम्ही गेलो तेव्हा सप्टेंबर होता. गाईंच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज इतका सतत होता, की थोड्या वेळाने तो ऐकू येणंच बंद झालं. पुढे वाट झाडीत शिरते आणि चढ सुरू होतो. तासाभराने सूचिपर्णी झाडांच्या मधोमध फ्रायबर्गझे हे तळं दिसतं. समुद्रसपाटीपासून सुमारे ९३० मीटरवरच्या या तळ्यात उन्हाळ्यात लोक पोहतात. पाणी हिरवं, काठावर टॉवेल अंथरून पडलेली कुटुंबं, आणि त्यांच्या डोक्यावर झाडांच्या शेंड्यांतून आकाशात तिरपा घुसलेला काँक्रीटचा सुळका. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, एखादा पूल बांधता बांधता कंत्राटदार पळून गेला. सुळका ७२ मीटर उंच आहे, म्हणजे जवळजवळ कुतुबमिनाराएवढा. फरक इतकाच, की कुतुबमिनार सरळ उभा आहे आणि याच्या खाली पुढच्या बाजूला आधारच नाही.

हा मनोरा १९७३ चा. १९५० मध्ये इथे लाकडी बांधकाम होतं. ते का उभं राहिलं हे समजायला आधी प्लानित्साकडे वळावं लागतं.

मोठ्या उड्यांचं वेड युगोस्लाव्हियातल्या प्लानित्साच्या खोऱ्यात सुरू झालं. स्टान्को ब्लौडेक हा अभियंता. विमानं बनवणारा, मोटारींत रस घेणारा आणि खेळांसाठी जीव टाकणारा माणूस. त्याच्या मोठ्या रॅम्पवर १५ मार्च १९३६ रोजी ऑस्ट्रियाचा सेप ब्राडल १०१.५ मीटर गेला. शंभर मीटरची रेषा पहिल्यांदाच ओलांडली गेली. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला, म्हणजे एफआयएसला, हे अजिबात रुचलं नव्हतं. ऐंशी मीटरच्या पलीकडच्या रॅम्पना त्यांची मान्यता नव्हती. त्यांच्या मते हा खेळ नव्हता, आकड्यांसाठी जिवाशी केलेली सर्कस होती. मला त्यांची भीती पूर्ण खोटी वाटत नाही. पण ब्लौडेकचं म्हणणंही ऐकण्यासारखं होतं: रॅम्प नीट आखला, तर लांब उडी आखूड उडीपेक्षा धोक्याची असायलाच हवी असं नाही.

२ मार्च १९४१ रोजी याच प्लानित्सात जर्मनीचा रुडी गेरिंग ११८ मीटर गेला. त्यानंतर पाच आठवड्यांत, ६ एप्रिलला, जर्मन फौजा युगोस्लाव्हियात घुसल्या. पाहुणे म्हणून येऊन विक्रम करून गेलेल्यांचे देशबांधव रणगाड्यांतून परत आले. युद्धानंतर १९४८ मध्ये प्लानित्सात स्वित्झर्लंडच्या फ्रिट्स चानेनने १२० मीटर गाठले. त्या वर्षीच्या ऑलिंपिकला जर्मनीला बोलावणं नव्हतं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि तक्रारीला तोंड नव्हतं.

अशा वेळी ओबर्स्टडॉर्फच्या तीन स्की जम्परांनी आपल्याच खोऱ्यात जगातला सर्वांत मोठा रॅम्प बांधायचं ठरवलं: हाइनी क्लोप्फर, सेप वायलर आणि टोनी ब्रुचर. क्लोप्फर वास्तुविशारदही होता, आणि सगळी गंमत तिथे आहे. रॅम्प आखणाऱ्याला झेप घेताना पोटात काय होतं ते ठाऊक होतं, आणि झेप घेणाऱ्याला कागदावर रेषा मारता येत होती. काळ कुठला? चलन बदलून जेमतेम दीड वर्ष झालेलं, पश्चिम जर्मनी हे राष्ट्र नुकतंच कागदावर जन्मलेलं, रेशनकार्डं अजून खिशात (ती १९५० मध्येच रद्द झाली). शहरांत ढिगारे उपसायचं काम चालू होतं. बव्हेरियात अमेरिकी लष्कर अजून होतं. आणि या गावाने जंगलात लाकडाचा एक प्रचंड घसरता मनोरा उभा केला. याला जिद्द म्हणावं की वेडेपणा हे ज्याचं त्याने ठरवावं. त्यात हिशेबही होताच. पर्यटक येण्याखेरीज या खोऱ्याकडे विकण्यासारखं दूध, चीज आणि लाकूड एवढंच होतं.

आज वर जायला तिरपी लिफ्ट आहे. काचेचा डबा उताराला धरून हळूहळू चढतो आणि तळं खाली खाली जात बशीएवढं होतं. शेवटी आपण रॅम्पच्या माथ्यावर, खेळाडू जिथे आडव्या बाकावर बसून हिरव्या दिव्याची वाट पाहतात त्या जागेपाशी उभे राहतो. माझ्या सोबत आलेल्या सौ.नी खाली एकदा पाहिलं, "हे असलं करणाऱ्यांच्या आया काय म्हणत असतील?" एवढंच विचारलं आणि डोंगर पाहायला पाठ फिरवली. प्रश्न योग्य होता.

वर उभं राहून जे दिसतं, ते कुठल्याही टीव्ही कॅमेऱ्यातून दिसत नाही. पहिली गोष्ट: रॅम्पचं टोक वर वळलेलं नाही. लहानपणी आपण कल्पना करतो तसं शेवटी वर उचललेलं टोक आणि त्यावरून आकाशात भिरकावलेला माणूस, असा प्रकार नसतो. टोक खालीच झुकलेलं असतं, दहा-अकरा अंशांनी. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने येणारा खेळाडू तिथे पाय ताठ करून स्वतःला ढकलतो, आणि त्यासाठी त्याला सेकंदाचा लहानसा तुकडा मिळतो. क्षणभर आधी ढकललं तर झेप वाया, क्षणभर उशिरा ढकललं तर पायाखाली रॅम्पच नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. टोकाच्या पुढे डोंगर एकदम तुटत नाही. तो वळत जातो. सुरुवातीला कमी उतार, मग तीव्र, आणखी तीव्र, आणि अगदी खाली जाऊन सपाट. हवेतल्या माणसाचा मार्गही तसाच वळत जातो. त्यामुळे तो जमिनीपासून फार उंच जातच नाही. बहुतेक वेळ उताराच्या वर काही मीटरवरूनच तो तरंगत असतो. उतरताना त्याची वाट आणि डोंगराचा उतार जवळजवळ समांतर असतात, म्हणून शंभरच्या वेगाने बर्फाला टेकूनही गुडघे शाबूत राहतात. हाच वेग सपाट जमिनीवर आपटला असता तर माणूस उरला नसता. उडी माणूस मारतो हे खरं, पण ती कुठवर लांबेल आणि तिचा शेवट कसा होईल हे डोंगराच्या वळणाने आधीच ठरवलेलं असतं. ओबर्स्टडॉर्फचा १९५० चा सप्ताह मला म्हणूनच उडणाऱ्यांइतकाच आखणाऱ्याचा वाटतो. माणसं तीच होती, लाकडी स्की त्याच, चामड्याचे बूट तेच. बदलला होता तो डोंगर.

स्वित्झर्लंडचा अभियंता राइनहार्ड श्ट्राउमान याने युद्धापूर्वीच हे हिशेब वाऱ्याच्या बोगद्यात बसवून पाहिले होते. घड्याळांच्या स्प्रिंगांसाठी नवे मिश्रधातू शोधणाऱ्या या माणसाला हवेतल्या जम्परचं शरीर म्हणजे एक पंख वाटत होतं. जितकं पुढे झुकाल, तितकी खालून येणारी हवा तुम्हाला उचलून धरेल, असा त्याचा सिद्धांत. १९५० चे खेळाडू अजून मधल्या अवस्थेत होते. कमरेत वाकलेले, हात पुढे किंवा गोल गोल फिरवत, दोन्ही स्की एकमेकींना समांतर धरलेल्या. त्या काळच्या फिती पाहताना तोल सांभाळायला हवेत पोहत चाललेली माणसं दिसतात. डोक्यावर लोकरीची टोपी, अंगात स्वेटर, हेल्मेट नाही. इथल्या रॅम्पच्या माथ्यावरून खाली पाहिल्यावर मला त्या फितींतलं सगळ्यात धाडसी काही वाटलं असेल, तर ती टोपी.

सप्ताह २८ फेब्रुवारीला सुरू झाला आणि ६ मार्चपर्यंत चालला. पहिल्याच दिवशी ऑस्ट्रियाच्या विली गान्चनिगने १२४ मीटर मारून चानेनचा विक्रम मोडला. २ मार्चला गावचाच सेप वायलर १२७ मीटरवर उतरला. स्वतःच्या दोन मित्रांसोबत स्वप्न पाहिलेल्या रॅम्पवर, स्वतःच्या गावकऱ्यांसमोर, जगातली सर्वांत लांब उडी. गोष्ट इथे थांबली असती, तर कादंबरीकाराला आयती मिळाली असती. पण दुसऱ्याच दिवशी, ३ मार्चला, स्वीडनचा दान नेट्सेल १३५ मीटर गेला. एका दमात आठ मीटरची भर. चार दिवसांत विक्रम पंधरा मीटरनी पुढे सरकला होता. याच्या आधी १९३६ पासून १९४८ पर्यंतच्या बारा वर्षांत तो साडेअठरा मीटरच पुढे गेला होता.

हे अंतर मोजलं कसं जायचं, हा या खेळातला मला फार आवडणारा भाग आहे. उताराच्या कडेने माणसं ओळीने उभी असत. प्रत्येकाच्या वाट्याला काही मीटरचा पट्टा. जम्पर ज्याच्या पट्ट्यात टेकेल, त्याने हात वर करून आकडा सांगायचा. दोन्ही पावलांच्या मधोमध धरून, डोळ्यांच्या अंदाजाने, अर्ध्या मीटरच्या अचूकतेने. आज हे काम व्हिडिओ करतो. पण ब्राडलचा १०१.५ आणि नेट्सेलचा १३५ हे आकडे बर्फात पाय रोवून, थंडीने नाक लाल झालेल्या माणसांच्या नजरेने लिहिले आहेत. आणि आकडा धरायला एक अट होती, ती आजही आहे: उभं राहून उतरलं पाहिजे. पडलात किंवा हात बर्फाला लागला, तर कितीही लांब गेलात तरी विक्रमाच्या यादीत जागा नाही.

या अटीची धार १९७३ मध्ये याच डोंगरावर दिसली. नवा काँक्रीटचा मनोरा तयार झाला होता आणि दुसरी स्की-फ्लाइंग विश्वविजेतेपद स्पर्धा इथे भरली होती. पहिली आदल्या वर्षी प्लानित्सात झाली होती आणि ती जिंकणारा स्वित्झर्लंडचा वाल्टर श्टाइनर, व्यवसायाने लाकडावर कोरीवकाम करणारा कारागीर, इथे १७५ मीटरच्या आसपास पोचला. म्हणजे उतार सपाट होत जातो त्या भागात. तो पडला. विक्रम लागला तो पूर्व जर्मनीच्या हाइन्झ वोझिपिवोच्या नावावर, १६९ मीटरचा. जो जास्त लांब गेला त्याच्या पदरी जखमा. पुढच्या वर्षी श्टाइनरवर वेर्नर हेर्झोग या दिग्दर्शकाने माहितीपट काढला. फार लांब उडणं हेही संकट असू शकतं, ही त्यातली गोष्ट क्लोप्फरच्या आखणीचा विचार करताना हटकून आठवते. डोंगराने ठरवलेल्या मर्यादेच्या पलीकडे गेलं, की तोच डोंगर वैरी होतो.

क्लोप्फरने हा नवा मनोरा पाहिला नाही. तो १९६८ मध्ये वारला. १९७० पासून रॅम्पला त्याचं नाव आहे.

१९५० नंतरच्या वर्षी पुन्हा सप्ताह भरला आणि २ मार्च १९५१ रोजी फिनलंडचा ताउनो लुइरो, विशीतही न पोचलेला पोरगा, १३९ मीटर गेला. हा आकडा दहा वर्षं कोणाला हलवता आला नाही. १९६१ मध्ये युगोस्लाव्हियाच्या योझे श्लिबारने इथेच १४१ मीटर मारून तो मोडला, तेव्हा लुइरो हयात नव्हता. १९५५ मध्येच, तेविशीत, आजाराने तो गेला होता. विक्रमांच्या यादीत या मुलाची एक ओळ आहे आणि तिच्यासमोरचा कालावधी इतर बहुतेक ओळींहून लांब दिसतो. ब्रुचरची कथा सुखाची म्हणावी का? जर्मनीला परत बोलावलं गेलं तेव्हा, १९५२ च्या ओस्लो ऑलिंपिकमध्ये, तो चौथा आला. चौथ्या क्रमांकाला पदक नसतं, पण ओबर्स्टडॉर्फमध्ये पदकाशिवायही त्याचं नाव माहीत असलेले लोक आहेत.

पुढे आकडे वाढत गेले त्यात आणखी एका स्वीडिश माणसाचा हात आहे. यान बोक्लोव्ह १९८० च्या दशकात स्कींची टोकं फाकवून, इंग्रजी व्हीसारखी धरून उडू लागला. पंच त्याचे शैलीचे गुण कापत राहिले, कारण ते दिसायला गबाळं होतं. पण फाकलेल्या स्की जास्त हवा झेलतात. १९८८-८९ चा विश्वचषक त्याने जिंकला आणि थोड्याच वर्षांत समांतर स्की इतिहासजमा झाल्या. मार्च २०२५ मध्ये स्लोव्हेनियाचा डोमेन प्रेव्त्स प्लानित्सात २५४.५ मीटर गेला. हवेत सात-आठ सेकंद. नेट्सेलच्या जवळजवळ दुप्पट. गंमत म्हणजे एफआयएस, जी १९३६ मध्ये नाक मुरडत होती, ती आता या स्पर्धा स्वतः भरवते, पण 'विश्वविक्रम' म्हणून अधिकृत शिक्का मात्र अजून मारत नाही. सगळं जग आकडा लक्षात ठेवतं आणि महासंघ दुसरीकडे पाहतो. स्त्रियांना अशा रॅम्पवर स्पर्धेत उतरायला २०२३ पर्यंत थांबावं लागलं. तीही सुरुवात विकरसुंडला झाली.

लिफ्टने खाली आल्यावर आम्ही उताराच्या पायथ्याशी, प्रेक्षकांच्या जागेत उभे राहिलो. बर्फाऐवजी गवत होतं. लहान रॅम्पवर उन्हाळ्यात प्लास्टिकच्या चटया अंथरून सराव चालतो, पण इथे त्या नाहीत. फ्लाइंगच्या रॅम्पवर स्पर्धेखेरीज उडायची संधी जवळजवळ मिळतच नाही. म्हणजे जगातले सर्वोत्तम खेळाडूही वर्षातून मोजक्या वेळा, आणि तेही थेट स्पर्धेत, एवढ्या लांब उडतात. क्रिकेटपटूला नेटमध्ये एकही चेंडू न खेळता कसोटीला उतरवावं, तसा हा प्रकार. खालून वर पाहताना मनोरा आणखी लांब आणि आणखी अशक्य वाटतो. १९५० मध्ये हजारो माणसं इथे बर्फात उभी राहून तोंड वर करून पाहत होती. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी त्याआधीची काही वर्षं आकाशाकडे पाहिलं होतं ते वेगळ्या कारणाने.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. चालायचं नसेल, तर गावातून श्टिलाखच्या खोऱ्यात जाणारी बस रॅम्पजवळ थांबते. वारा जोराचा असेल किंवा स्पर्धेची तयारी चालू असेल, तर वरचा भाग बंद ठेवतात. गावातल्या पर्यटन कचेरीत आधी विचारून घ्यावं. गुडघे दुखत असतील तर तळ्याकडून उतरताना काठी हवी. भूक लागली तर केझश्पात्सन मागवा: पिठाचे लहान गोळे, या आल्गॉय भागातलं वितळलेलं चीज आणि वर तळलेला कांदा. शाकाहारी माणसाचं पोट इथे याच एका पदार्थावर निभावतं. आणि उडी प्रत्यक्ष पाहायचीच असेल, तर २९ डिसेंबरच्या सुमारास या. तेव्हा फोर हिल्स या स्की जम्पिंग स्पर्धेची सुरुवात गावाच्या दुसऱ्या बाजूला, शाटेनबर्गच्या लहान रॅम्पवर होते. तिकीट आणि खोली दोन्ही महिनोन् महिने आधी ठरवावी लागतात.